दुपारी तीनची बाटली

प्रिय भोपू,

अक्षर ओळखलंस ना? की पाकीट फोडायच्या आधीच चार शिव्या हासडल्यास? हासड. बावीस वर्षं झाली तुझा आवाज ऐकून, आणि एके काळी पंपघरात तिन्ही मोटारी चालू असताना तो पलीकडच्या काठावर ऐकू जायचा.

मी बरा आहे म्हणायचं. ही जाऊन चार वर्षं झाली. मुलगी रविवारी फोन करते, तेव्हा आधी घसा खाकरून घेतो, कारण आठवडाभर तोंडातून शब्द निघालेला नसतो. परवा गॅसवर दूध करपलं. शेजारीण धावत आली, तेव्हा मी बाजूच्याच खोलीत निवांत पेपर वाचत होतो. तिला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

शहराचा पाणीपुरवठा कंपनीकडे द्यायचं घाटतंय, हे तुझ्या कानावर आलं असेल. गुरुवारी जाहीर सुनावणी आहे. विरोधात बोलायला मला बोलावलंय, निवृत्त रसायनतज्ज्ञ म्हणून. माझं म्हणणं तुला तोंडपाठ आहे. गाळणीच्या कट्ट्यावर तुझ्याच डब्यात हात घालून मी ते रोज ऐकवायचो: पाणी सगळ्यांचं, तर मालकीही सगळ्यांची. विकणाऱ्याला तहानलेला माणूस दिसत नाही, गिऱ्हाईक दिसतं. मला जे कळतं तेही माझं एकट्याचं नाही. बाटली कुणी घडवली, नळ कुणी टाकले, झडप तू उघडलीस, तेव्हा कुठे माझा आकडा येतो. तू म्हणायचास, बाटलीवाल्या, आधी घास गिळ, मग क्रांती कर. नमुन्याच्या बाटल्या घेऊन सकाळीच उगवायचो म्हणून ठेवलेलं ते नाव. त्यापायी अख्ख्या खात्यात मी दारुड्या ठरलो.

गेल्या आठवड्यात कंपनीची तज्ज्ञ माहिती द्यायला आली. चुणचुणीत बाई, अभ्यास पक्का. खालच्या वस्तीतली एकजण उठून म्हणाली, दुपारी पाण्याला वास येतो. तज्ज्ञ हसून म्हणाली, आमच्याकडे यंत्रं आहेत, तुम्ही काळजी करू नका. सभाही हसली. ते हसू मी ओळखत होतो.

बावीस वर्षांपूर्वी खात्याच्या त्या बैठकीत तूही असाच उभा राहिला होतास. दुपारी तीनला पाण्याला वास येतो, म्हणालास. मी वर्षभराचे कागद फडकावले आणि म्हटलं, नाक म्हणजे उपकरण नव्हे. सगळे खदखदून हसले, तू खाली बसलास. कागद खरेच होते रे, एक आकडा खोटा नव्हता. फक्त नमुना मी रोज सकाळी नऊला घ्यायचो, कारण माझी बस नऊला यायची. आणि वरच्या अंगाचा कारखाना घाण सोडायचा दुपारी. पंधरा दिवसांत खालच्या वस्तीतली घरंच्या घरं आजारी पडली. तुझी धाकटी महिनाभर दवाखान्यात होती. अहवालात मी 'अनपेक्षित कारण' लिहिलं. अनपेक्षित कसलं, तू सांगितलं होतंस. पाणी सगळ्यांचं म्हणणारा मी, त्याविषयी बोलायचा हक्क मात्र एकट्याच्या नावावर करून बसलो होतो. तुझ्या दारापर्यंत दोनदा आलो आणि परत फिरलो.

गुरुवारी मी आधी हेच वाचणार आहे. आपली माणसं म्हणतात, कशाला पायावर धोंडा पाडून घेता, कंपनी याचंच भांडवल करील. करील बहुतेक. पण हे लपवून, पाणी आपल्याच हातात ठेवा, असं कुठल्या तोंडानं सांगू? सगळ्यांचं म्हणजे चूक दाखवायचा हक्कही सगळ्यांचा.

आता खरं काम. वस्तीतल्या त्या बाईनं तिच्या नळाचं दुपारचं पाणी बाटलीत आणून दिलं. प्रयोगशाळेत तपासून घेतलं, यंत्राला काही सापडत नाही. ती म्हणाली, साहेब, वास घेऊन तर बघा. मी बूच काढलं, बाटली नाकाशी धरली आणि मान डोलावली. ते खोटं होतं, भोपू. दीड वर्षापूर्वीच्या तापापासून मला वासच येत नाही. करपलेल्या दुधाचा नाही, कपाटातल्या हिच्या कपड्यांचाही नाही. हे मी मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही. बुधवारी दुपारी तीनला ती नवी बाटली भरून आणणार आहे. तू येशील का? तू सांगशील ते मी लिहून घेईन आणि गुरुवारी तुझ्या नावानं वाचेन. आणि आलासच, तर फ्रिजमधलं दूध नासलंय का, तेही जरा बघ.

तुझाच,
बाटलीवाला