कोऱ्या लेबलची तबकडी

ग्लासगो, शनिवार

प्रिय मॉर्वेन,

आपल्या बँडच्या पहिल्या अल्बमची चाचणीची तबकडी, ती कोऱ्या पांढऱ्या लेबलची, आज सकाळी आली. चौघांनीही ऐकून होकार दिल्याशिवाय कारखान्यात पुढच्या प्रती काढायच्या नाहीत, हा नियम तूच घातलास. तुम्हा तिघांचे होकार गेले म्हणे. माझा मिळणार नाही, आणि का ते तुला चांगलं ठाऊक असणार.

चौथ्या तुकड्यात तुझी गिटार एकटी उरते, तिथे सहा मिनिटं मी ड्रमच्या झांजेवर नुसतं काठीचं टोक टेकवत होतो. तेवढ्यासाठी हिवाळाभर त्या गारठलेल्या गोदामात घाम गाळला. आपल्यात गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत. मला जे म्हणायचं होतं ते त्या सहा मिनिटांत होतं. तबकडीवर ते नाहीच! एक ठोकाही नाही.

महिन्यापूर्वी एका रविवारी तू एकटीच मर्डोच्या स्टुडिओत का गेली होतीस? त्याला विचारलं तर म्हणतो, "अरे बाबा, मी फक्त बटणं दाबतो, मला कशाला मध्ये ओढतोस?" गेल्या आठवड्यात मी पबमध्ये शिरलो आणि तू नि लॅकलन एकदम गप्प झालात. वर लॅकलनने न मागता मला बिअर पाजली. लॅकलनने! स्वतःच्या वाढदिवसाला खिशात हात न घालणारा आपला बेसवाला! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तालमीत हल्ली तू माझ्याकडे तोंड करून उभी राहतेस, मान हलवून ठोके मोजून दाखवतेस, मी कालचा शिकाऊ असल्यासारखी. नऊ वर्षं झाली, मॉर्वेन. मला काढायचंच होतं तर तोंडावर सांगायचं होतंस. माझं वाजवणं गुपचूप पुसून टाकलंस, हे फार लागलं.

मंगळवार

वरचं पाकिटात घालणार होतो. पण साक्षीदार हवा म्हणून रविवारी आईला तबकडी ऐकवली. आपलं संगीत म्हणजे तिला भांड्यांचं कपाट पडल्यासारखं वाटतं. म्हटलं, इथे झांज ऐकू येते का सांग. ती टोस्टला लोणी लावत होती. सुरी ठेवली आणि बोटाने टेबलावर ठोके द्यायला लागली. माझेच ठोके, एक उशिरा पडला होता त्यासकट. "किती हळुवार वाजवलंस रे," म्हणाली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. तीनदा लावली, तिन्ही वेळा मी तिचं बोट बघत बसलो. फार घाबरलो गं.

काल मर्डोला धरलं, तेव्हा बोलला. माझे कान जाताहेत हे तुला आधीच कळलं होतं. मला ऐकू यावी म्हणून महिन्यापूर्वीच्या त्या रविवारी तू झांजेचा आवाज दोनदा वाढवायला लावलास. तो म्हणाला, तुझी गिटार बुडेल. तू म्हणालीस, "बुडू दे."

म्हणून होकार अजूनही देत नाही. झांज होती तिथे खाली ने, गिटार वर आण, मग माझी सही घे. मला ऐकू येणार नाही, चालेल. आणि नवा ड्रमवाला शोधायला लागा; ती सहा मिनिटं मी त्याला शिकवीन.

तुझाच,
स्ट्रूअन