फळ्यावरचं खारकीव

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.४०

सातच्या बातम्यांत युक्रेन युद्ध: चाळीस सेकंद. शाळेच्या क्रीडास्पर्धांचं स्टॉपवॉच लावून मोजलं आहे, तेव्हा चुकीला जागा नाही. त्यातले सहा सेकंद अँकरबाईंना खारकीव शहराचं नाव उच्चारता येईना यात गेले. नेरळला एक रेडा सोसायटीच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढला, त्याला मात्र साडेसात मिनिटं. मालकाची मुलाखत, वॉचमनची मुलाखत. रेड्याने बोलायला नकार दिला असावा.

संकल्प: २४ तारखेला युद्धाला चार वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी सात वाजता कर्जतमधल्या निदान शंभर माणसांनी युद्धाच्या बातम्यांसाठी टीव्हीसमोर बसायचं. लोक बघतात म्हटल्यावर चॅनेलवाले झक मारत दाखवतील. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. शंभर माणसं म्हणजे दोन तुकड्या.

या सगळ्याचा ऋजुताशी काही संबंध नाही. माणसाला जगाची काळजी असते.

३ फेब्रुवारी

कालचं शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण लिहिलंच आहे तर नोंद पूर्ण असावी. ऋजुता ही माझी मुलगी. युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. युद्ध पेटलं तेव्हा सरकारच्या विमानाने परत आली आणि दीड वर्षाने शिक्षण पूर्ण करायचं म्हणून पुन्हा गेली. पास झाली, तरी तिथल्याच हॉस्पिटलात राहिली. जाताना मी कर्जत स्टेशनवर तिला सांगितलं होतं, गेलीस तर माझ्याशी बोलायचं नाही. दोन वर्षं चार महिने झाले, बोललेली नाही. इतकी आज्ञाधारक मुलगी कर्जत-खालापुरात दुसरी नसेल.

हिच्याशी, म्हणजे उमाशी, रोज साडेआठला बोलते. तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करतो. कानांना विश्रांती हवी असते.

ती ल्विवला आहे, पश्चिमेला, पोलंडच्या सीमेजवळ. खारकीव पार पूर्वेला, तिथून जवळजवळ नऊशे किलोमीटर. म्हणजे काळजीचं कारणच नाही. अॅटलास काढून पुन्हा एकदा पट्टीने मोजलं.

५ फेब्रुवारी

तीन चॅनेलना सविस्तर ईमेल केले. एकाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

वाचनालयात गेलो. बाहेरच्या फळ्यावर उजवीकडे गावातल्या निधनवार्ता लिहितात. कर्जतमध्ये कोण गेलं हे पेपरात कळत नाही, या फळ्यावर कळतं. डावी बाजू रिकामीच असते. तिथे रोज युद्धाची बातमी लिहायला द्या म्हटलं. ग्रंथपाल निलेश बराच वेळ डोकं खाजवत होता. शेवटी म्हणाला, डावीकडे लिहा, पण उजवीकडे खडू न्यायचा नाही. उजवीकडे फक्त निधन.

८ फेब्रुवारी

फळ्यासमोर गजाची चहाची टपरी आहे. गजा माझा जुना विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास. तिथे बसून मोजलं. सकाळी नऊ ते अकरा, उजवी बाजू वाचणारे चौसष्ट. डावी बाजू वाचणारे दोन. त्यातला एक पाठ खाजवत होता.

गजाने विचारलं, "सर, ते युद्ध अजून चालूच हाय? मला वाटलं मिटलं."

मी त्याला चार वर्षांचा आढावा दिला. शांतपणे ऐकून म्हणाला, आमच्या गावच्या नळाच्या लाईनचं काम पण चार वर्षं चालूच हाय, तिकडं तरी कोण बघतंय. चहा अर्धा टाकून उठलो.

११ फेब्रुवारी

फळा ही स्थिर यंत्रणा झाली. लोकांपर्यंत आपण गेलं पाहिजे. म्हणून आज नकाशा घेऊन कशेळ्याच्या बाजारात. जीप थांबतात तिथे भिंतीला टाचला आणि पट्टी हातात घेऊन उभा राहिलो. दहा मिनिटांत वीसेक माणसं जमली. इतका प्रतिसाद मला नवीन होता.

मग एकाने विचारलं की रस्ता किती फुटी आहे. दुसऱ्याने विचारलं, एनए झालंय का. हल्ली आपल्या भागात नकाशा घेऊन उभा राहणारा माणूस फक्त प्लॉट विकतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक म्हातारा तर खारकीववर बोट ठेवून म्हणाला, हा कोपऱ्यातला ठेवा माझ्यासाठी. मी त्याला सांगितलं की तिथे बॉम्ब पडतात. तो म्हणाला, सगळे एजंट आधी असंच घाबरवतात.

येताना जीपमध्ये नकाशा फाटला. पोलंड गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सलग तिसरा दिवस: शून्य सेकंद.

सात वाजत आले की छातीत धडधडतं. अॅसिडिटी आहे. रात्रीच्या जेवणात वांगं बंद करायचं.

उमा म्हणते, बातमी नाही म्हणजे काही झालं नाही, चांगलंच की. अडाणीपणा आहे हा. बातमी नाही म्हणजे कुणी बघितलं नाही, एवढंच. पूर्वी निदान टीव्हीवर एखादा रस्ता दिसायचा, पाटी दिसायची, पांढरा कोट घातलेलं कुणी पळताना दिसायचं. मागून दिसलं तरी चालायचं. आता काहीच नाही. माणसाने बघायचं तरी कुठे?

हे जगाच्या दृष्टीने लिहिलं आहे.

१७ फेब्रुवारी

साडेआठला उमाने स्वयंपाकघरातून येऊन फोन सरळ माझ्यापुढे धरला. म्हणाली, बोला की अहो, एक शब्द. मी म्हटलं, सांग तिला, मी बातम्या बघतोय. उमाने तसंच सांगितलं. फोनमधून हसण्याचा आवाज आला. तेच हसणं, नाकातलं.

मी आवाज मोठा केला. टीव्हीवर पापडाची जाहिरात होती, ती शेवटपर्यंत बघितली.

तत्त्वाचा प्रश्न आहे. फोन तिने करायचा. मला. थेट.

२० फेब्रुवारी

डाव्या बाजूचे वाचक: शून्य. आज मलाही वाचावंसं वाटलं नाही.

पण रात्री अंथरुणावर एक गोष्ट लख्ख दिसली. कर्जतचा माणूस निधनवार्ता कधी चुकवत नाही. चूक लोकांची नाही, बाजूची आहे. आणि नियम काय? उजवीकडे फक्त निधन. मग तिकडे रोज चाललंय ते दुसरं काय आहे? निलेश २४ तारखेला लग्नासाठी खालापूरला जाणार आहे. खडू माझ्याकडेच असतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४

लिहून आलो. शाळेतल्या सुवाच्य अक्षरात, मजकूर असा:

दुःखद निधन. युक्रेनमध्ये खारकीव येथे काल नऊ जणांचे आकस्मिक निधन. आज सायं. सात वाजता गुप्ते सरांच्या राहत्या घरी जमावे. शोकाकुल: वि. ग. गुप्ते आणि समस्त कर्जतकर.

खाली नाव घातल्याने वजन येतं. उमा नेरळला बहिणीकडे गेली आहे, सातपर्यंत येईल. सतरंज्या घातल्या. डब्यातला चिवडा परातीत काढून ठेवला.

५.५०

आले! वेळेच्या आधी!

दारात चपला मावत नाहीत. चाळीस जोड मोजले, मग गर्दीमुळे मोजता आले नाहीत. दोन तुकड्या म्हटलं होतं ना मी? बरेच जण पांढऱ्या कपड्यांत आलेत. शांततेचा रंग, हे त्यांना कुणी न सांगता सुचलं. कोण म्हणतं लोक बधिर झालेत?

६.४०

स्वयंपाकघरात येऊन घाईत लिहितोय. बाहेर टाचणी पडली तरी ऐकू येईल. कुणी चिवड्याला हात लावत नाही. शाळेतल्या जुन्या सहकारी समिधाबाई माझा हात धरून रडल्या. खारकीवसाठी! मलाही भरून आलं, चार वर्षांत पहिल्यांदाच. गजाने टपरी बंद केली आहे. तो सारखा माझ्या खांद्यावर हात ठेवतो. माणूस भूगोलात नापास झाला म्हणजे वाया गेला असं नाही.

आता टीव्ही लावतो.

२५ फेब्रुवारी

काल काय झालं ते सरळ लिहितो.

मी टीव्ही लावला. गजा उठला, माझ्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. म्हणाला, "नको सर आता. बंद ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, अरे, त्यासाठीच तर जमलोय. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात उमा आली. दारात चपलांचा ढीग, आत पांढरे कपडे, मध्ये मी. तिची पिशवी हातातून पडली. समिधाबाई तिला धरायला धावल्या आणि म्हणाल्या, "उमा, पोरीची इतकीच सोबत होती गं."

तेव्हा मला कळलं. फळ्यावर माणसं खालचं नाव आधी वाचतात, मग वेळ वाचतात. वरचं कुणी वाचत नाही. युक्रेन, निधन, गुप्ते. कर्जतला एवढं पुरलं. मुलगी तिकडे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी विसरलं नव्हतं.

मी ओरडून सांगायला हवं होतं की तसं काही नाही. पण तसं काही नाही हे मला तरी कुठे माहीत होतं? मी तिला विचारलंच नव्हतं. दोन वर्षं चार महिने.

उमाचा फोन त्या पडलेल्या पिशवीत कुठेतरी होता. मी माझ्या फोनवरून लावला. नंबर पाठ होता. भूगोलवाल्यांना आकडे पाठ राहतात. तीनदा वाजून वाजून बंद झाला. साठ-सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. चौथ्यांदा उचलला.

"बाबा?"

फोन उमाकडे दिला. ती रडली, ओरडली, हसली. मग लोकांनाही कळलं. आधी सगळ्यांनी हुश्श केलं, मग हळूहळू रागावले. सुतकाच्या घरून गेल्यावर करायच्या अंघोळीची तयारी होती काहींची. तरी चिवडा संपवून गेले. सात कधीच वाजून गेले होते. बातम्यांत काय होतं कुणास ठाऊक.

शेवटी फोन माझ्याकडे आला. मी मागच्या पडवीत गेलो. जेवलीस का विचारलं. तिच्या मागे सायरन वाजायला लागला. मी विचारलं, ल्विवला पण पोचलं का आता हे? ती म्हणाली:

"बाबा, तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही, तुम्ही बातम्या बघता. मी जुलैपासून खारकीवला आहे. माणसं कमी पडत होती, मीच येते म्हटलं. आईला ल्विवच माहीत असू दे."

मी म्हटलं, इकडे हल्ली कुणी काही दाखवत नाही गं.

"तेच बरं आहे," ती म्हणाली. "आईला दिसत नाही."

मी आत आलो. उमाने विचारलं, काय म्हणत होती एवढी? म्हटलं, थंडी आहे म्हणाली ल्विवला.

२६ फेब्रुवारी

ओलं फडकं घेऊन जाऊन फळा पुसला. दोन्ही बाजू. निलेश चिडलेला होता, पण माझा चेहरा बघून निवळला. उद्यापासून डावी बाजू लागेल का विचारलं त्याने. नको म्हटलं.

गजाने चहा दिला. "मिटलं का सर युद्ध?"

मिटलं असेल, काय माहीत, असं सांगितलं.

२७ फेब्रुवारी

नवीन संकट. उमा सात वाजता चष्मा लावून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, तुमचंच खरं, आपणच बघितलं नाही तर कोण बघणार? आजपासून मीही रोज बघणार.

आज सुदैवाने शून्य सेकंद. मी देवाला हात जोडले. ती म्हणाली, कशासाठी? म्हटलं, जगासाठी.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.१०

पहिलीच बातमी. खारकीव. ब्रेकिंग, लाल पट्टी, धूर, एक मोठी पांढरी इमारत अर्धी पडलेली. स्टॉपवॉच लावलं नाही. एवढा वेळ त्यांनी महिनाभरात एकदाही दिला नव्हता. इमारतीवरची पाटी नीट वाचायच्या आत मी चॅनेल बदललं. दुसरीकडे एक बाई रांगोळी काढत होती, तिथे थांबलो.

उमा म्हणाली, अहो, लागली होती ना तुमची बातमी?

म्हटलं, "कंटाळा आला गं. चार वर्षं तेच तेच."

तिने माझ्याकडे बघितलं, बरं झालं बाई सुटलात एकदाचे, म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

८.३०

फोन नाही.

८.५०

फोन नाही. उमा म्हणते, ड्युटी असेल, ल्विवला काय होतंय. म्हटलं, काय होणार.

फोन येईपर्यंत ती इथेच बसणार आहे, हॉलमध्ये, उद्याची भाजी निवडत. टीव्ही समोर आहे. रिमोट माझ्या हातात आहे. लावता येत नाही.