फाईलीच्या पहिल्या ओळीत सुविचार

मंगळवार, संध्याकाळ

चार बझर, त्यांची वायरिंग, पडद्यावरचं फिरतं चक्र, गुणांची पाटी. शाळांसाठीचा हा प्रश्नमंजूषेचा अख्खा खेळ मी माझ्या हातांनी केला, कुठल्याही क्लासला न जाता. प्रश्न तेवढे मुद्दाम वेगळ्या साध्या फाईलीत ठेवले, शिक्षकांना बदलता यावेत म्हणून. पहिल्या ओळीत प्रश्न, खाली चार पर्याय. यात न समजण्यासारखं काय आहे?

आज सिन्नरकडच्या शाळेतल्या बाईंचा फोन. "भाऊ, तुमचा गेम येडा झालाय! पोरांना सुविचार विचारतोय."

फाईल मागवली. पहिल्याच ओळीत सुविचार! खाली वार, तारीख, पट, हजर. रोज फळ्यावर लिहितात तस्सं.

"बाई, हे कशाला?"

"अहो, त्याशिवाय सुरुवात कशी करायची?"

कपाळावर हात मारून घेतला. फळा आहे का तो?

पण त्याखाली बाईंचे स्वतःचे प्रश्न होते. आपल्या गावचा बाजार कोणत्या वारी? शाळेमागच्या ओढ्याला पाणी कुठून येतं? हे मला इथे बसून कधी सुचले असते?

तेवढ्यात गंगापूर रोडवर शिकवणीचे क्लास चालवणारा एक जण आला. त्याला खेळ विकत हवाय, पण एका अटीवर. बाईंची फाईल बघून म्हणाला, "काका, प्रश्न आत लॉक करा. मास्तर लोकांनी हात लावला की असाच घोळ होतो."

घोळ होतो, कबूल. म्हणून बाईंचा ओढा पुसून टाकू? पहिल्या ओळीतला सुविचार ओळखून सोडून द्यायला मी खेळालाच शिकवीन.

त्याला नाही म्हणून सांगितलं. साठ हजार देत होता.