चप्पल मैदानात गेली

कोल्हापूर, डिसेंबर १९५३, रविवार संध्याकाळ

आज पहिल्यांदाच सामना बाहेर उभं राहून बघितला. चार पेठांकडनं खेळून झालं, गुडघा गेला, आणि आता तालमीच्या दुसऱ्या फळीच्या फुटबॉल संघाला शिकवायचं काम गळ्यात पडलंय. दुपारभर एकच धास्ती. काल बरोबरीनं खेळणारे आज माझं ऐकतील कशाला?

उत्तरार्धात चेंडू रेषेबाहेर माझ्याकडं आला आणि पाय आपोआप उचलला गेला. चेंडू जेमतेम हलला, चप्पल मात्र थेट मैदानात. सगळे हसले. मी एका पायावर उभा. वाटलं, झालं, आता कोण विचारतंय.

आमचा गोलकीपर रसूल माझ्या वयाचा, रोज नावानं हाक मारणारा. तो चप्पल उचलून घेऊन आला, पायाशी ठेवली अन् म्हणाला, "घाला वस्ताद. आणि डावीकडनं लई आत येत्यात, काय करायचं सांगा की."

वस्ताद. कुस्ती शिकवणाऱ्याला म्हणतात ते, मला. थट्टा केली का? नाही. उत्तरासाठी थांबला होता. एकाला मागं ओढायला सांगितलं. त्यानं ऐकलं. सामना बरोबरीत सुटला.

घरी हिनं सवयीनं गुडघ्याला हळदीचा लेप गरम करून ठेवलेला. म्हटलं, "आज नको, काय दुखत न्हाय."

ती पायाकडं बघत म्हणाली, "मग चपलंचा अंगठा कशानं तुटला?"

इतकी वर्षं सामन्यात माझंच काहीतरी मोडायचं. आज फक्त चप्पल.