गालातली वीज

९ नोव्हेंबर
दुसरी दाढ काढून आज आठवा दिवस. डॉक्टर म्हणे, जखम भरली की ठणका जाईन. जखम भरली. ठणका तसाच. ठणका नाहीच तो खरं तं. जूनपासून उजव्या गालात वीज पडते. कानापासून ओठापर्यंत, दोन-चार सेकंद. मग काहीच नाही, जसं झालंच नाही. मग परत. "तिकीट घ्या" म्हणायला तोंड उघडलं की पडते. पंधरा वर्षं एस.टी.त कंडक्टर आहे, आवाजावर नोकरी. आजपासून इथं "वी." लिहून मोजते. नेर-दारव्हा दोन फेऱ्या. वी. १४.

१२ नोव्हें.
थंडी सुरू. दार उघडलं की वारा थेट गालावर. दुपट्टा बांधला तं दुपट्टा घासूनही वी. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया चढल्या. मी बोटानंच विचारलं, किती? एक म्हणे, "बाई, मुकी झाली का वो?" सगळ्या हसल्या. मी पण हसायला गेले. पडली.
राठोडभाऊ आरशातून पाहून राह्यले होते. सहा वर्षांपासून याच गाडीवर माझे ड्रायव्हर. उतरताना म्हणे, "ताई, हे दाताचं नाही वाटत मले." मी हात हलवला. दाताचं नाही तं कशाचं?
वी. २०च्या वर. नंतर मोजलं नाही.

१५ नोव्हें.
चार दिवस दात घासले नाहीत. चावणं बंद. ताकात भात कुस्करून डाव्या बाजूनं ढकलते. आंघोळीला तोंडावर पाणी घ्यायची भीती वाटते. पाण्याची भीती, लहान पोरीसारखी.
आमचे हे, पूर्वाचे बाबा, म्हणे, अजून एक दाढ काढून पाहू. कापसाची घाई, शेतातून थकून येतात, काय बोलणार. "पाहू" म्हटलं. म्हटलं म्हणजे मान हलवली.

१८ नोव्हें.
सासूबाई ऐकतच नव्हत्या. मुकुटबनकडं त्यांच्या माहेराजवळ एक महाराज आहे, तिकडं नेलं. नेर ते तिकडं, अर्धा दिवस प्रवास, खिडकी बंद करून. महाराजानं भस्म घेऊन अंगठ्यानं गालावर दाबलं.
मी ओरडले. कधी ओरडले नव्हते तशी. खाली पडले.
लोक म्हणे, निघालं, निघालं. सासूबाई हात जोडून रडू लागल्या. कोणालाच वाटलं नाही की बाईला दुखलं.
परतताना एकच विचार. बोलायची सोय नाही, म्हणून सांगायचीही नाही.

२१ नोव्हें.
पूर्वा कॉलेजातून आली, सराव परीक्षेत पहिली. येऊन मागून गळ्यात पडली, तिचा गाल माझ्या गालाला लागला. मी ढकललं तिले. जोरात. तिचं कोपर दाराला लागलं.
"आई, काहून?"
मी गाल धरून उभी. ती वर गेली. जेवायला आली नाही. सतरा वर्षांची पोरगी, तिनं काय समजावं.
आता लिहितेच. दोन आठवड्यांपासून एक विचार येते. दुखणं थांबवायचा. दुखणं म्हणजे सारंच. आधी झुळकीसारखा यायचा, आता येऊन बसते.

२५ नोव्हें.
रजेचा दिवस. पूर्वाले कपाटात कागद कुठं आहेत ते दाखवलं. तिची मार्कशीट, विम्याची फाईल, जमिनीचे उतारे. लिहून लिहून सांगितलं.
"हे मले कायले सांगून राह्यली तू?"
लिहिलं, असू दे माहिती. ती माझ्याकडं पाहत राह्यली. मी फाईल बांधायला लागले.
नंतर वाटलं, तिनं पुन्हा विचारायला पाहिजे होतं. आणि वाटलं, बरं झालं नाही विचारलं.

२९ नोव्हें.
वी. मोजणं सोडलं. एक संपली की दुसरीची वाट पाहणं, तेच जास्त. मधला वेळ माझा नाही.
आज पहिल्यांदा ठरल्यासारखं झालं. कसं, कधी, ते इथं लिहीत नाही. ठरल्यावर शांत वाटलं, त्याचीच भीती वाटली. दिवसभर सगळ्यांशी फार चांगली वागले. सासूबाईंचे पाय चेपले.

३० नोव्हें.
सगळं लिहिते, विसरायचं नाही म्हणून.
दारव्हा स्टँड, दुपार. प्रवासी उतरले. मी राठोडभाऊंना कागदावर लिहून दिलं: पूर्वाची परीक्षा फेब्रुवारीत आहे, सकाळच्या गाडीत तिले जागा ठेवत जा.
त्यांनी वाचलं. चहाला निघाले होते, ते परत चढले आणि माझ्या समोरच्या सीटवर बसले.
"तुमी कुठं जाऊन राह्यल्या?"
मान हलवली, कुठंच नाही.
"ताई, राग आला तं येऊ द्या. पन इचारतोच. जीव द्याचं मनात आहे का?"
कोणी असं सरळ विचारन असं वाटलंच नव्हतं. नाही म्हणायची तयारी होती, पण 'जीव द्याचं' या शब्दांसाठी नव्हती. त्याच कागदावर लिहिलं, हो.
वाचून त्यांचा चेहरा पडला. पण ओरडले नाहीत, पूर्वाचं, घरादाराचं काही ऐकवलं नाही. म्हणे, "आज?" लिहिलं, या आठवड्यात. म्हणे, "बरं केलं सांगितलं. आता मी इथून हलत नाही."
मग कंट्रोलरला सांगितलं की कंडक्टरची तब्येत बिघडली, दुसरा माणूस द्या. फोन केला घरी, माझ्यासमोरच. "दाजी, कापूस राहू द्या. आत्ता या. ताईले एकटं ठेवाचं नाही." तिकडून काही विचारलं असेल. म्हणे, "दाताचं नाही. जिवाचं आहे. गाडी घेऊन या, मोटरसायकल नका आनू, वारा लागते तिले."
दीड तास बसले. चहा नाही, तंबाखू नाही. मधे मला वीज पडली, मी सीटची दांडी धरली. ते दुसरीकडं पाहत राह्यले. मले बरं वाटलं, की पाहत नाहीत आणि जातही नाहीत.

१ डिसेंबर
पूर्वाचे बाबा रात्रभर जागे होते. सकाळी चहा ठेवताना म्हणे, "मले काहून नाही सांगितलं?"
लिहिलं, बोलता येते कुठं.
"लिहिता तं येते."
खरं होतं. 
त्यांनी फवारणीचं औषध सगळं आपल्या भावाच्या घरी नेऊन ठेवलं. मग येऊन ओट्यावर बसले आणि रडले. लग्नाला वीस वर्षं झाली, आजपर्यंत पाह्यलं नव्हतं. आज पू. कॉलेजात गेली नाही. सगळे आळीपाळीनं माझ्यासोबत. संडासात गेले तरी बाहेरून विचारतात, आहे ना? चीडही येते.

३ डिसें.
यवतमाळ, मोठा दवाखाना. डॉक्टर तरुण, बाई. दात पाह्यलेच नाहीत. विचारलं, वाऱ्यानं येते का? दात घासताना? बोलताना? एकाच बाजूला? सगळ्याला हो. कापसाचा बोळा गालाला हलकेच लावला, मी तोंड फिरवायच्या आत काढला.
"कोणी दाढा काढल्या का? किती?"
दोन बोटं दाखवली.
तिनं पेन खाली ठेवलं. म्हणे, "दाढा चांगल्या होत्या काकू. हा चेहऱ्याच्या नसेचा आजार आहे. याला औषध आहे."
चांगल्या होत्या. सहा महिने, दोन दाढा, एक महाराज. हसू येत होतं आणि मारावंसंही वाटत होतं कोणाला तरी. कोणाला, ते सुचलं नाही.
राठोडभाऊंनी पूर्वाच्या बाबांना बजावून ठेवलं होतं, ते पण सांगा. त्यांनी सांगितलं, खाली मान घालून. बाईनं लगेच मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं विचारलं, दुखणं नसताना मरावंसं वाटते का? मी लिहिलं, दुखणं नव्हतं असं झालंच कुठं. ते म्हणे, मग दोन्हीवर इलाज करू. एकाची वाट पाहत दुसरं ठेवायचं नाही. दर पंधरा दिवसांनी यायचं.

८ डिसें.
गोळ्यांनी चक्कर येते, डोळ्यापुढं भिंत हलते. पण वी. ५. फक्त पाच!
आज मऊ भाकर वरणात भिजवून खाल्ली. पू. समोर बसून पाहत होती, जशी मी तिले पहिल्यांदा भरवताना पाहत होते.
"मले वाटलं तुले मी नकोच आहे," म्हणे. तेव्हाचं, ढकललं त्याचं.
मी बोलले. तोंडानं. "गाल दुखला वं." एवढंच. वीज पडली नाही.

१४ डिसें.
सासूबाई शेजारणीला सांगतात, भस्मानं उशिरा का होईना गुण आला. पूर्वाचे बाबा काही बोलायला निघाले, मी डोळ्यांनी थांबवलं. कायले भांडाचं. पण पुन्हा नेणार म्हणाल्या तं मीच भांडीन.

२२ डिसें.
काल पूर्ण दिवस शून्य होता. आज सकाळी लागोपाठ चार. पहिल्यासारख्याच. पाठोपाठ तो विचारही आला, जसा बाहेर उभाच होता. औषधानं पण नाही तं मग कशानं, असं.
पूर्वाचे बाबा तुरीत होते. फोन केला. "आला," म्हटलं. त्यांनी कोण, काय विचारलं नाही. "येतो, पू.ले जवळ बसव." आले, पायाला माती तशीच. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी वाढवली, उद्याच या म्हणे. दुपारपर्यंत बसून राह्यलो तिघं. टी.व्ही.वर काहीतरी लागलं होतं.

५ जानेवारी
उद्या नागपूर, मेंदूचा फोटो काढायचा. डॉक्टर म्हणतात, रक्ताची नळी नसेला दाबत असेल तर ऑपरेशननं सुटू शकते. नसेल तर गोळ्याच. ऑपरेशनलाही हमी नाही, हेही सांगितलं. खरं सांगितलं म्हणून विश्वास बसला.
ड्यूटीवर कधी घेतील माहीत नाही. राठोडभाऊ स्टँडवर जाताना दारातून आवाज देऊन गेले, "नवीन कंडक्टरले बेल माराची समज नाही, ताई. लवकर या."
संध्याकाळी पू. बॅग भरत होती. न पाहता विचारलं, "आई, खरं सांग. ते मनात येते का अजून?"
खोटं बोलणार होते. मग म्हटलं, "येते. कमी. आलं की बाबाले सांगते."
"मले पण सांगशील?"
परीक्षा तोंडावर आलेल्या पोरीले हे सांगा लागते का, मले समजत नाही. पण तिनं विचारलं तं खरं. हो म्हटलं. ती म्हणे, "मग आता सांग, आज आलं?"
आज सकाळी आलं होतं, पाणी गरम करताना, थोडा वेळ. सांगितलं. तिनं घडी केलेला दुपट्टा परत उकलला, परत घडी केली. म्हणे, "उद्या मी पण येते नागपूरले." तिचा उद्या सरावाचा पेपर आहे. नाही म्हणायला पाहिजे. पूर्वाचे बाबा म्हणतात, येऊ दे. अजून ठरलं नाही. गाडी सकाळी सहाची आहे.