एक शिल्लक असू दे

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच. माझी कंबर अजून अर्ध्यावर अडते. का अडते ते पुढे येईलच, कारण त्यातही एक कॅमेराच गुंतलेला आहे.) तुझा रक्तदाब, वहिनींचा गुडघा आणि तुम्हा दोघांत मिळून असलेला तो एक चष्मा कसे आहेत ते कळव. इकडे मी ठीक. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. मागच्या वेळी आपल्या घरातलं सगळं शेजारच्या तीन मजल्यांना कळलं आणि आपल्या दोघांनाच काही कळलं नाही. म्हणून हे पत्र.

तुझं पत्र परवा मिळालं. महिनाअखेर आपली जुनी जागा रिकामी करायची आहे, गॅलरीतली वेताची खुर्ची भंगारात जाणार आहे, माळ्यावर बाबांचा कॅमेरा सापडला आहे, आणि तो जावईबापूंना त्यांच्या दिवाणखान्यातल्या फळीवर शोभेला मांडायचा आहे. रविवारी येऊन ते तो नेणार, 'उघडून, आतून स्वच्छ करून' ठेवणार, आणि यात माझी काही हरकत आहे का, असं तू विचारलं आहेस. दादा, हरकत कसली? देऊन टाक. खुशाल देऊन टाक. त्या काळ्या डब्याने आपल्या घराला जितकं छळलं तितकं एखाद्या भाडेकरूने छळलं असतं तर बाबांनी त्याच्यावर दावा लावला असता.

फोटो या वस्तूबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे, आणि ते ऐकीव नाही. चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून मी फोटोंखालच्या ओळी लिहिल्या. 'डावीकडून' हा शब्द मी आयुष्यात 'आई' या शब्दापेक्षा जास्त वेळा लिहिला असेल. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाने दुसऱ्या तशाच माणसाचा हात धरून तिसरीकडे बघायचं, याला फोटो म्हणतात, हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं. एकदा एका पतपेढीच्या सात संचालकांचा फोटो होता. घाईत निगेटिव्ह उलटी लागली आणि डावीकडचे उजवीकडे गेले. सातांपैकी सहा जणांना दुसऱ्याचं नाव चिकटलं. फक्त मधोमध बसलेल्या गृहस्थांचं बरोबर राहिलं, कारण फोटो उलटला तरी मधला माणूस मधेच राहतो. दुसऱ्या दिवशी मी राजीनाम्याचा मसुदा खिशात घालून कचेरीत गेलो. त्या सहांपैकी एकाचीही तक्रार नाही! (प्रत्येकाला आपण छापून आलो एवढंच दिसलं होतं. नाव वाचायची उसंत कोणाला?) भांडायला आले ते एकटे मधले. त्यांचे डोळे मिटलेले आले होते, आणि नाव अचूक असल्यामुळे 'तो मी नाही' म्हणायची सोय आम्ही ठेवली नव्हती. तेव्हापासून अचूकपणावरचाही माझा विश्वास उडाला.

पण हा सगळा धंदा बाबांच्या पुढे काहीच नाही. बाबांची फोटो काढायची रीत आठवते ना? सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं करायचं, म्हणजे सगळ्यांचे डोळे बारीक आणि दात बाहेर. मग मोजायचं. तीनला माणसं ताठ होतात, असा त्यांचा सिद्धांत होता, म्हणून ते 'एक, दोन' म्हणून दोनलाच बटण दाबायचे. हे आपल्याला कळल्यावर आपण दोनला ताठ व्हायला लागलो. मग ते एकला दाबायला लागले. पुढे पुढे तर बाबांनी कव्हरचं बक्कल उघडलं की आख्खं घर श्वास रोखून उभं राहायचं, आणि मग त्यांना काहीतरी आठवून ते आत जायचे. एकदा सगळे चौकटीत मावत नाहीत म्हणून ते मागे मागे सरकत रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरले, तिथून निशाणा धरला, 'एक' म्हणाले आणि मधून बस गेली. दुसरा कोणी असता तर त्याने तो फोटो फाडून टाकला असता. बाबांनी अल्बममध्ये चिकटवला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'सहकुटुंब (बसच्या मागे)'. फोटोखालच्या ओळी लिहायचं बाळकडू मला मिळालं ते तिथे.

त्या अल्बममध्ये आई कुठे आहे, सांग बघू. एका फोटोत कोपर आहे. एकात वेणीचं टोक आहे. एकात दार आहे आणि दाराआडून 'आले हं' असं ऐकू आल्याचा भास होतो. बाबा मोजायला लागले की हिला गॅस बंद करायचा असायचा नाहीतर तुझा भांग नीट करायचा असायचा. बाबा चिडून म्हणायचे, "अगं, उभी राहा की एका जागी!" आणि ती म्हणायची, "तुम्ही काढा हो, मी आहेच."

आणि त्याहून छळवादी तो शिल्लकीचा नियम. छत्तीस फोटोंचा रोल, पण बाबा पस्तिसावर थांबणार. "एक शिल्लक असू दे. वेळ काही सांगून येते का?" मग ती न सांगता येणारी वेळ येईपर्यंत रोल कॅमेऱ्यात पडून. ती आली की शेवटचा फोटो काढायचा का, यावर पुन्हा विचार, कारण याहून मोठी वेळ आली तर? चौथीत मला मिळालेल्या ढालीचा फोटो हातात आला तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं आणि ढाल उंदरांनी खाल्ली होती. कोपऱ्यावरच्या स्टुडिओतले अंधारबुवा (दिवसभर अंधाऱ्या खोलीत रोल धूत बसायचे म्हणून आपण त्यांना ठेवलेलं नाव, खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसावं) बाबांना तोंडावर म्हणाले होते, "काका, हा रोल धुवू की शाळेत घालू? वय झालंय त्याचं."

माझ्या हातून झालेल्या गुन्ह्याची आठवण तू काढणारच, म्हणून मीच काढतो. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. तू पहिल्या नोकरीला निघालास, त्या सकाळी बाबांनी जिन्यात आपल्या दोघांचा फोटो काढला, मधे तुझी ट्रंक. तू गेल्यावर घर रिकामं झालं. चार दिवसांनी मला वाटलं, दादा त्या डब्यात आहे, जरा बघून यावं. मी मागचं झाकण उघडलं. आत गुंडाळलेली एक तपकिरी पट्टी होती. ती ओढून ओढून मी उजेडात धरली आणि तुला शोधलं. बाबा आले, त्यांनी पट्टी पाहिली, मारलं नाही. एवढंच म्हणाले, "बघितलंस? आता दुसऱ्या कोणाला दिसणार नाही." उजेड लागून सबंध वर्षाचा रोल गेला. तू मात्र अजून दर भेटीत 'आमच्या त्या वर्षाचा मारेकरी' अशी माझी ओळख करून देतोस. (गेल्या खेपेला दाताच्या डॉक्टरलाही करून दिलीस. त्याचा माझ्या दाढेशी काय संबंध होता?)

आता जावईबापू. माणूस चांगला आहे, पण त्याच्या खिशात फोन आहे. बाबा दीड वर्षात जेवढे फोटो काढायचे तेवढे हे गृहस्थ एका कप चहाचे काढतात आणि मग गार झाला म्हणून तो ओतून देतात. गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्या घराला गच्चीवर नेलं आणि फर्मावलं, "काका, सगळ्यांनी एकदम उडी मारायची. हवेत असताना छान येतो." मी म्हटलं, बापू, माझ्या वयाची माणसं हवेत गेली की परत येत नाहीत. पण तू बाह्या सरसावल्यास, मग माझाही नाइलाज झाला. अकरा वेळा उड्या मारल्या! आलेल्या फोटोत सगळे हवेत, तुझी कवळी तुझ्याहून वीतभर वर, आणि मी एकटा जमिनीवर, कमरेवर हात धरून. ट्रंकेच्या फोटोनंतर आपण दोघे एका फोटोत आलो ते थेट तेव्हा, आणि संध्याकाळी बापूंनी फोनमध्ये जागा करताना तोही पुसून टाकला. कंबर मात्र पुसली गेली नाही.

खरं सांगायचं तर असा अतिरेक बाबांनीही एकदा केला होता. तू बदलीच्या गावी होतास, मी रजा काढून आलो होतो. डॉक्टरांनी आईच्या शेवटच्या तपासणीचा निकाल सांगितला त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबांनी नवा रोल घातला, आईला गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि सुरुवात केली. उन्हाकडे तोंड कर म्हणाले नाहीत. मोजलं नाही. समोरून काढला, बाजूने काढला, ती शेंगा सोलत होती तो काढला, टरफल अंगावरून झटकलं तो काढला. महिन्याला दोन फोटो काढणारा माणूस! मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. आई वैतागली. "मी काय इमारत आहे का हो, चारही बाजूंनी बघायला?" मग हसायला लागली, तर हसतानाचेही काढले. पस्तीस झाल्यावर थांबले. ती म्हणाली, "आता संपवा तो एकदाचा." बाबा म्हणाले, "एक शिल्लक असू दे."

दोन महिन्यांनी आई गेली. बाबा पुढे चौदा वर्षं होते, पण तो रोल त्यांनी धुवायला दिला नाही. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "अजून एक शिल्लक आहे ना त्यात." मला त्या चिकटपणाचा इतका संताप यायचा की पुढे मी विचारणंच सोडलं. आता चोवीस वर्षं झाली. इतक्या जुन्या रोलमधून धुक्याखेरीज काही निघत नाही, असं कोणीही जाणकार सांगेल. आणि निघालं तरी काय निघणार? एक बाई शेंगा सोलते आहे. ओळ लिहायला सांगितली असती तर मी तो फोटो छापायलाच नकार दिला असता.

तेव्हा दादा, जुन्या वस्तूंचा लोभ धरू नये. डबा बापूंना दे, फळीवर निवडुंगाच्या कुंडीशेजारी शोभेल. माझी हरकत नाही, हे पुन्हा एकदा स्पष्ट लिहितो. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा
(तुझ्या त्या वर्षाचा मारेकरी)

ता. क. : बापूंना फक्त चामड्याचं कव्हर द्यावं. बक्कल लावून फळीवर ठेवलं की आत कॅमेरा आहे की साबणाची वडी, कोणाला कळतं? वजनासाठी साबणाची वडी घालावी.

पुन्हा ता. क. : कॅमेऱ्याचं मागचं झाकण डाव्या हाताची खुंटी वर ओढली की उघडतं. ओढू नये. बापूंनी 'नुसतं बघतो' म्हटलं तरी देऊ नये. मीही नुसतं बघायलाच उघडलं होतं. एका घरात एक मारेकरी पुरे. कॅमेऱ्याला दोरी गुंडाळून तो वहिनींच्या कपाटात ठेवावा आणि किल्ली वहिनींकडेच असावी. (तुझ्याकडे नको. तू ती चष्म्याच्या घरात ठेवशील आणि चष्मा शोधत बसशील.) वरच्या बारीक काचेत आकडा दिसतो. पस्तीसच आहे ना, ते बघून लगेच कळव. बघताना बटणावर बोट नको.

शेवटचा ता. क. : अंधारबुवांची नात जुने रोल धुते. तिच्याकडे मी तीनदा जाऊन आलो. धुकं निघेल असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "आणा तर खरं." शेवटचा फोटो न काढताही रोल धुता येतो, असंही तिने सांगितलं. पण तसं करायचं नाही. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. तोपर्यंत खुर्ची भंगारवाल्याला देऊ नकोस, गॅलरीतच असू दे, आणि दाढी करून ठेव. खुर्चीच्या एका बाजूला तू, एका बाजूला मी. बटण वहिनी दाबतील. त्यांना सांगून ठेव की मोजायचं नाही. खालची ओळ मी आत्ताच लिहून ठेवली आहे : 'डावीकडून : दादा, आई, मी'. निगेटिव्ह उलटी लागली तर तुझं नाव मला येईल आणि माझं तुला. मधलं चुकणार नाही.