बावीस वर्षं टिकलेलं मशीन

९ फेब्रुवारी, रविवार

मशीन मेलं. मीच मारलं.

घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा आरोपी मी आणि साक्षीदारही मीच. बायको अराबा शुक्रवारी दुपारच्या बसनं कुमासीला मुलाकडे गेली. एब्बोला पहिली मुलगी झाली! सुनेला आई नाही, म्हणून बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला सासूच गेली. येत्या शनिवारी पोरीला पहिल्यांदा घराबाहेर उजेडात आणायचं, नाव ठेवायचं. नाव मी ठेवणार – बापाचा बाप म्हणून मान माझा. सगळ्यांनी पांढरं नेसायचं. आणि माझ्या पांढऱ्या कापडावर गेल्या महिन्यातल्या जेवणाचा डाग. पाम सूपचा. तांबडा, तळहाताएवढा.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं? घरात यंत्र आहे, अंगात ताकद आहे. स्त्रियांच्या मुक्तीवर मी तीन तास न थांबता बोललेलो माणूस आहे. स्वयंपाकघरामागच्या खोलीत मात्र क्वचितच गेलो असेन. धुणं हे अराबाचं खातं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या खात्यात ढवळाढवळ केली नाही, एवढी माझी शिस्त!

झाकण उघडलं. आत तिची आठ-दहा कापडं – अगदी नीट घड्या घालून. धुवायच्या कपड्यांच्यासुद्धा घड्या घालते ही बाई! मला अभिमान वाटला. घड्यांच्या मधेमधे पांढऱ्या गोळ्या होत्या, उग्र वासाच्या. साबणाचाच काही नवा प्रकार असावा. शंकेला जागा नको म्हणून वरून आणखी चार मुठी साबण टाकला, माझं कापड टाकलं आणि पिंपातून सात बादल्या पाणी ओतलं (नळाला पाणी मंगळवारीच येणार). बटण दाबलं.

आधी गुरगुर. मग जळका वास. मग ‘ठप्प!’ – आणि घरभर वीज गेली. मग खालच्या नळीतून सातही बादल्या सावकाश जमिनीवर आल्या आणि माझ्या पायांवरून बाहेर गेल्या.

अराबाच्या कापडांत एक हातानं निळीत रंगवलेलं होतं. माझं पांढरं कापड आता पांढरं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अराबाचा फोन.

‘‘काय खाताय?’’
‘‘मक्याची केंकी, मासे. शेजारून मान्सा देते.’’
‘‘पांढरं कापड काढून ठेवलंत?’’
‘‘काढलं.’’
‘‘घरी सगळं ठीक?’’
‘‘सगळं जागच्या जागी आहे.’’

हे खरंच आहे. मशीन जागच्या जागीच आहे.

खरं का सांगितलं नाही? इथं तरी लिहावं. ते मशीन म्हणजे नुसतं मशीन नाही. ते माझं भाषण आहे. तीन वर्षांपूर्वी कामगार दिनाला टाकोराडीच्या मैदानावर मी गरजलो होतो – ‘‘माझ्या घरी बावीस वर्षं एक मशीन चाललंय! का? कारण आम्ही वस्तूचा मान ठेवतो! पाच वर्षांत मरणारी वस्तू विकणं ही चोरी आहे! युरोपानं टाकलेलं भंगार आमच्या बंदरात उतरवणं हा अपमान आहे! मी शपथ घेतो – ते नवं मरतुकडं किंवा हे जुनं भंगार माझ्या उंबरठ्याच्या आत येणार नाही!’’

लोक उभे राहिले होते. बायका रुमाल हलवत होत्या. तेव्हापासून दर बुधवारी रेडिओवर माझं अर्ध्या तासाचं बोलणं आणि दर पंधरा दिवसांनी त्यात ते मशीन. आकडा मी बावीसच ठेवला. पंचवीस म्हटलं तर लय बिघडते. मोटारतळावर ड्रायव्हर ओरडतात, ‘‘टीचर! मशीन कसं आहे?’’ मी मूठ वर करतो.

हे मशीन अराबाच्या भावानं हॅम्बुर्गहून पाठवलं होतं. म्हणजे तेही युरोपात कुणीतरी वापरून टाकलेलंच. भाषणात हा तपशील मी घेत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मास्टर इद्रिसूला बोलावलं. इस्त्रीपासून फ्रीजपर्यंत या गल्लीतलं सगळं तोच जगवतो. आला आणि न विचारता थेट मागच्या खोलीत गेला. अनुभवी माणसाला जळक्याचा वास दुरूनच येतो!

मागचं पत्र्याचं झाकण काढलं. मोटारीवर गांधीलमाशीचं मातीचं घर. त्याखाली एक पाल – वाळून पापड झालेली.

‘‘टीचर, हे कधीपासून बंद आहे?’’
‘‘परवापासून. रविवार.’’
‘‘रविवार.’’ त्यानं पालीकडे पाहिलं. ‘‘हो, रविवारच असणार.’’

मग मी त्याला समजावलं. दुरुस्ती हेच आपल्यासारख्या देशांचं शस्त्र आहे, रोमन लोकांचे रस्ते दोन हजार वर्षं टिकले, आपल्या आजीची लोखंडी कढई अजून नातवाला पोसते, मग एक मोटार मनुष्याच्या इच्छाशक्तीपुढे काय! वीस मिनिटं बोललो. इद्रिसू उलट्या बादलीवर बसून शांतपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, ‘‘छान बोललात. बेअरिंग गंजलंय.’’

‘‘बदल.’’
‘‘बेअरिंग मिळेल. दांडा झिजलाय. दांडा मिळेल, तर मशीनच्या आतल्या पिंपाचा तळ कुजलाय. टीचर, याला तुम्ही दुरुस्त नाही करत, याला तुम्ही दुसरं मशीन नेसवताय.’’

मी विचारलं, मग ही यंत्रं जगतात तरी किती? त्यानं बोटांवर मोजलं. ‘‘इस्त्री – जिला लहानपणी चटका बसला, तिचं लग्न होईपर्यंत. फ्रीज – वीजवाल्यांची मर्जी असेपर्यंत. नवं धुण्याचं मशीन – कागदावर दहा, आपल्या पाण्यात पाच, आपल्या विजेत तीन. आणि बंद पडलेलं मशीन’’ – थोडा थांबला – ‘‘मालकाला कळेपर्यंत.’’

हा मनुष्य विनोद करतो आणि हसत नाही. भाषण करायला लागला तर माझं काही खरं नाही.

संध्याकाळ. अराबाची कापडं दोरीवर वाळत घातली होती. शेजारची मान्सा केंकी द्यायला आली आणि दारातच थबकली. ‘‘अगंबाई! ही तर अराबाबाईंची ठेवणीतली. का भिजवलीत?’’
मी म्हटलं, धुवायची होती.
‘‘यांतली दोन तर अजून त्यांनी अंगाला लावलेली नाहीत!’’
न वापरलेलं कापड आधी धुवून घ्यावं, असं मी तिला शास्त्र सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझं निळसर झालेलं पांढरं बघून तिला हसू आवरेना. ‘‘कुणी विचारलं तर सांगा, नीळ जास्त झाली.’’

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेडिओ. आजचा विषय: सार्वजनिक जीवनात खरेपणा. (विषय मीच महिन्यापूर्वी दिला होता.)

शेवटी एका बाईंचा फोन. ‘‘टीचर, तुमचं ते मशीन चालू आहे ना अजून? आमच्या ह्यांना मी रोज तुमचं उदाहरण देते.’’

‘‘चालू आहे!’’ मी म्हणालो. आवाज खणखणीत लागला. स्वतःचाच आवाज आवडला मला. त्याचीच जास्त लाज वाटते आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते सरळ लिहितो.

सकाळी काळा चष्मा लावून, टोपी कानांपर्यंत ओढून बंदराकडच्या बाजारात गेलो. तिथं रस्त्याच्या कडेला युरोपातून आलेली मशीनं मैलभर मांडलेली असतात – पांढरी, पिवळट, कुणाकुणाच्या पोरांनी चिकटवलेल्या चित्रांसकट. कुणी ओळखू नये म्हणून ठरवलं होतं, तोंडच उघडायचं नाही.

एका मशीनपाशी थांबलो. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘घरी वापरलेलं आहे, बाबा. नव्यापेक्षा पक्कं! नवं म्हणजे स्वभाव माहीत नसलेली सून. हिच्यासोबत कुणीतरी पंधरा वर्षं काढलीत.’’

आता हे ऐकून गप्प बसणं माझ्या प्रकृतीला शक्य नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणालो, की दुसऱ्यानं टाकलेलं उचलणं ही मानसिक गुलामी आहे –

‘‘अय्या, टीचर!’’ बाई ओरडल्या. ‘‘रेडिओचे टीचर! इकडे या गं, टीचर मशीन घ्यायला आलेत!’’

पळालो. समोर नव्या वस्तूंचं थंडगार दुकान होतं, त्यात शिरलो. विक्रेत्यानं टाय ठीक केला. एक वर्षाची हमी म्हणाला.
‘‘आणि एका वर्षानंतर?’’
‘‘नंतर देव आहे, सर.’’

मी देवाला मानतो, पण बेअरिंगच्या बाबतीत इतकं नाही. परत त्या बाईंकडे गेलो. त्या वाटच पाहत होत्या. त्यांच्याकडे आमच्या मशीनसारखंच मिळालं – त्याच कंपनीचं, तोच पिवळट रंग, उजव्या कोपऱ्याला पोचासुद्धा. अराबाला कळणार नाही! एवढ्यासाठीच घेतलं. पटलं म्हणून नाही, गरज म्हणूनही नाही. लपवाछपवीसाठी घेतलं, हे इथं नोंदवून ठेवतो. एका फेरीत शपथ मोडली आणि फसवणूकही उरकली.

घरी आणताना त्यावर चादर टाकली होती. तीनचाकी गल्लीत शिरली तशा बाया डोक्यावर हात ठेवून बाहेर आल्या. मान्साचा आवाज – ‘‘कोण गेलं हो, टीचर?’’

इद्रिसूनं ते जोडून दिलं. जुनं मागच्या भिंतीआड नेलं. बटण दाबलं तर इतक्या हलक्या आवाजात फिरायला लागलं, की मी दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. मग अराबाची कापडं पुन्हा घड्या घालून आत ठेवली, जशी होती तशी. गोळ्या मात्र विरघळल्या नव्हत्या. साबण असा कसा?

इद्रिसूला म्हटलं, ‘‘हे आपल्या दोघांत राहू दे.’’
तो म्हणाला, ‘‘टीचर, या घरातलं कुठलंच मी बाहेर बोलत नाही.’’

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बसमध्ये लिहितो आहे, अक्षर नाचतंय. रस्त्यावर धूळ, आभाळात धूळ, या महिन्यात सगळीच हवा धुळीची. पिशवीत निळसर पांढरं कापड. उद्या काय बोलायचं ते जुळवायचा प्रयत्न केला. पहिलं वाक्य सुचत नाही. मला!

एकोणचाळीस वर्षं माझं लग्न झालंय आणि बायकोशी खोटं बोलायला मला भीती वाटली नाही. खरं सांगायची भीती वाटते. कशाची? ती ओरडणार नाही. ती कधीच ओरडत नाही. ती माझ्याकडे बघेल आणि तिला जो माणूस दिसेल, तो मैदानावरचा नसेल. बस, एवढीच भीती. बावीस वर्षांच्या मशीनवाला तो मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पोरीला अंगणात आणलं. इवलीशी, रागीट. नाव एफुआ आबेकोमा.

रीत सगळ्यांना पाठ आहे. एका पेल्यात पाणी, एकात दारू. बोट बुडवून बाळाच्या जिभेला लावायचं, तीनदा. पाण्याच्या वेळी म्हणायचं, ‘‘पाणी असेल तर पाणीच म्हण.’’ दारूच्या वेळी, ‘‘दारू असेल तर दारूच म्हण.’’ माणसाच्या कानावर पहिला धडा हा पडतो. मी आजवर चाळीसेक पोरांना हा दिला असेल, प्रत्येक वेळी वर माझी पंधरा मिनिटं जोडून.

पाण्याचं बोट लावलं. पोरीनं जीभ बाहेर काढून चाखलं आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणालो, ‘‘पाणी असेल तर –’’

पुढं येईना. मला! लोक वाट बघत होते. कोंबडा आरवला. कसंबसं वाक्य पुरं केलं, दारूचंही केलं – तीन तीन वेळा, प्रत्येक वेळी जास्त हळू. पंधरा मिनिटं वगैरे काही नाही. तिला तिच्या आईच्या हातात दिलं आणि खाली बसलो.

व्याह्यांनी डोळे पुसले. एब्बो कानात म्हणाला, ‘‘बाबा, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण.’’ गर्दीत एकच माणूस डोळे पुसत नव्हतं. अराबा माझ्या कापडाच्या निळ्या डागांकडे बघत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. अराबा बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवत होती, एफुआ माझ्या मांडीवर होती.

सगळं ऐकून म्हणाली, ‘‘अहो, ते मशीन एब्बोच्या लग्नाआधीच गेलंय. चार वर्षं होतील. इद्रिसू तेव्हाच बघून, नाही म्हणून गेला. कापडं ठेवायचं कपाट होतं ते माझं.’’

‘‘मग धुणं?’’

तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवरच्या गाठी मी वयाच्या समजत होतो.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं होतं. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही मान हलवलीत. दुसऱ्यांदा तुम्हाला त्यावरून भाषण सुचलं.’’

ती उठली, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘झालं. द्या तिला इकडे.’’